परतीचं शेवटचं विमान

विमानतळाच्या दाराशी, रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको आणि त्यांना निरोप द्यायला आलेले तिचे वडील.

"जावईबापू, तुमच्या शहराला विमान किती वेळात पोचतं?"

"दोन तासांत. डोळा लागतो न लागतो तोच उतरायचं."

"आणि रस्त्यानं?"

"बाराशे किलोमीटर. अख्खा दिवस मोडतो. का हो?"

"तिकडून इकडे शेवटचं विमान कधी?"

"रात्री नऊला. येताय की काय?"

"मी नाही. हिला एकटीला निघावं लागलं तर."

"बाबा, राहू द्या ना."

"तू थांब. विमानाला ओळखपत्र लागतं ना, जावईबापू?"

"दोघांची माझ्याकडेच असतात. ही वेंधळी, कुठेतरी हरवून बसेल."

"लग्नाआधी हिनं साधी छत्रीसुद्धा हरवली नव्हती. हिचं हिला द्या."

"देतो की घरी गेल्यावर."

"इथं. माझ्यासमोर. पोरी, हात पुढे कर."