सीटखालचं चोर-बटन

माझ्या जावयाचं कौतुक मला सांगू नका. भाचीच्या लग्नाच्या सकाळची गोष्ट. अमळनेरला बाराचा मुहूर्त, नवरीचा मामा मीच, आणि धुळ्यात माझ्या दारात गाडी अडलेली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन लागेना. शेजारी जावई उभा. माझ्या माघारी गाडी फिरवायची त्याला भारी हौस. यानंच काहीतरी बिघडवलं असणार!

मिस्त्री आला. त्यानं प्लग काढला, पुसला, लावला. पुन्हा काढला.

"करंट येत नही, आबा."

"अर्धा तास झाला. कळतं का तुला काही?"

तो जावयाला म्हणाला, "जवाईबुवा, जरा पाणी आणता का?" जावई आत जाताच माझ्या कानाशी आला. "आबा, तुमनं चोर-बटन बंद शे."

चोरानं गाडी नेऊ नये म्हणून करंट तोडणारं ते बटन मी या मिस्त्रीकडूनच सीटखाली बसवून घेतलेलं. रात्री बंद केलं आणि विसरलो.

"मग आधी बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हीच शप्पत घाली व्हती ना, जवाईसमोर बोलानं नही!"

मुहूर्त गाठला. परतल्यावर बटनाची जागा बदलली, दुसऱ्या मिस्त्रीकडून. इतका वेळ तोंड मिटून बसणाऱ्या माणसाचा काय भरवसा?