शेडमागचं वेखंड

न्हाई, देत न्हाई म्हणले ना — शेजारच्या सुमनताईंनी पाठवलं असंल तरी न्हाई. व्हय, वेखंड माझंच हाय, त्या शेडच्या मागं लांब पानं उभी हायेत ना, तेच. बाळगुटीला पायजे, ठाव हाय मला. न्हाईतर वाकडची माणसं एवढ्या गर्दीतनं गाडी घालून चिखलीत कशाला येत्यात? किती म्हयन्याचं हाय? चार? मग ऐक — सावलीत वाळवलेली मुळी, सहाणेवर एकच वळसा, दुसरा न्हाई. वेखंड उग्र, जास्त झालं तर पोर ओकतं, गुंगीत जातं. आन आधी डॉक्टरला इचार. हे मी कुणालाबी सांगते. माझं माप कधी चुकलं न्हाई — नातीला रोज एक वळसा, बोटाला लागंल एवढंच.

बाजारचं नको, घरचं पायजे म्हणतेस. किती हिरवंगार हाय म्हणतेस. असणारच की! वेखंडाचे पाय बारा म्हयने ओले लागत्यात — आन आमी इहीर बुजवून शेड भाड्यानं दिली. आत काय करत्यात? जुन्या बॅटऱ्या फोडत्यात, धुत्यात. पाणी तुटलं तशी पानं पिवळी पडायला लागली, मग त्यांचं धुण्याचं पाणी आलं वाफ्यात. कुणी सोडलं म्हणजे? त्यांनीच सोडलं. असल्या लोकांना काय पडलंय — त्यांनीच… न्हाई. मीच म्हणले, वाया कशाला घालवता, पाण्याची चारी खणून इकडं काढा. फावडं माझ्याच हातात होतं.

झालं काय, पोर सारखी ओकायला लागली, रडून रडून काळी पडायची. भाग्यश्रीनं, माझ्या सुनंनं, दवाखान्यातला कागद माझ्यापुढं धरला — रक्तात शिसं. मी म्हणले, खेळण्याच्या रंगाचं असंल, तुमच्या हिंजवडीच्या हवेचं असंल, तुझ्या माहेरच्या भांड्यांचं असंल. समद्यांची नावं घेतली बघ, एक सोडून. ती भांडली न्हाई. सहाण उचलली, बाहेर फरशीवर आपटली, पोर घेऊन घर सोडून गेली. दीड वर्षाची झाली आता. अजून धरल्याशिवाय बसत न्हाई. शेखर, माझा ल्योक, फोनवर दाखवतो मला तिला — आईचं पोरगं, चोरून दाखवतंय. तेबी लांबनं.

मग उपटून का टाकत न्हाई? तूबी तेच इचारतेस. आज उपटलं तर उद्या गल्ली म्हणंल, म्हातारीनं कबूल केलं. कबूल न्हाई केलं मी. कुणाजवळच न्हाई केलं… तुला काय सांगत बसले मी? कोण तू? वळख न्हाई, पाळख न्हाई —

थांब. पर्स उघड. चप्पल झटकायचं निमित्त करून वाकलीस, तवाच बघितलं मी. काढ ती मुळी. ठेव खाली, चिखलातच ठेव. एवढं ऐकून घेऊन बी… सगळ्यांना वाटतंय, आपल्या पोराला काय होतंय!

जा आता. आन हात धुतल्याबिगर बाळाला उचलू नको. — हितं न्हाई गं बाई, हितल्या पाण्यात न्हाई! घरी जाऊन धू. जा.