आधी टिचकी

सासरे: ही कोंबडी आजारी आहे.

सून: बाबा, ती प्लास्टरची आहे.

सासरे: म्हणून काय झालं? आणि तिच्यावर ही ग्रेव्ही ओतलीस की भिंतीचा रंग?

सून: मेण आहे ते. संग्रहालयातल्या जुन्या ताटांत खरं अन्न ठेवू देत नाहीत. डाग पडतात, मुंग्या येतात. म्हणून तर मला काम मिळतं. उद्या न्यायला येणार आहेत.

सासरे: एवढी देखणी ताटं, आणि त्यांत हे? ज्यानं ती घडवली तो बिचारा रडेल. ग्रेव्ही अशी थिजून बसत नाही गं. ती कडेनं हळूच उतरते, बटाट्याला टेकते आणि तिथं चकाकते.

सून: नुसतं सांगून मला काय कळणार? करून दाखवा ना. कोंबडी आणलीये, बटाटे आहेत.

सासरे: नाही. तुझी सासू गेली तेव्हाच मी शेगडीला हात जोडले. जन्मभर हॉटेलात रांधलं, पण घरी पहिला चमचा तिच्या तोंडात गेल्याशिवाय भांडं खाली उतरलं नाही. आता चव कोण बघणार? मला दूध-पाव पुरे.

सून: दूध-पाव खाऊन खाऊन सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतोय तुमच्या अंगावर. मला काळजी वाटते, बाबा. स्पष्टच सांगते.

सासरे: त्यात काळजी कसली?

सून: बरं, राहिलं. जाऊ दे ही कोंबडी अशीच. लोक म्हणतील, एवढ्या मोठ्या आचाऱ्याची सून, आणि ग्रेव्ही बघा.

सासरे: कांदे कुठे ठेवलेस?

(संध्याकाळ. तेच टेबल.)

सून: मीठ किंचित कमी आहे.

सासरे: तीसुद्धा दर वेळी हेच म्हणायची. मी मुद्दामच कमी घालायचो, तिला काहीतरी बोलायला मिळावं म्हणून.

सून: आजही मुद्दाम?

सासरे: आज हाताची सवय गेली असेल. घाल चिमूटभर.

मुलगा: आलो गं. झालं का तुझं काम? काय हुबेहूब केलंयस, वाससुद्धा येतोय.

सून: हात धू आणि जेवायला बस.

मुलगा: थांब, आधी टिचकी. मागे तुझ्या प्लास्टरच्या पावानं माझा दात हलवलाय. तेव्हापासून या घरात टिचकी मारल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही. अगं, आवाजच येत नाहीये. बटाट्यात बोट रुतलं.

सून: मग खा.

मुलगा: बाबा, तुम्ही केलंत?

सासरे: गार होतंय.

मुलगा: मला रडूही येतंय आणि भूकही लागलीये.

सासरे: आधी जेव, मग सावकाश रड.

सून: बाबा, आता मासा करायला घ्यायचाय. मला मासा मुळीच जमत नाही.

सासरे: तुझ्या खिडकीत एक रंगवून वाळत ठेवलेला पाहिला मी. काल शेजारचं मांजर कितीतरी वेळ त्याच्यापुढे बसून होतं.

सून: म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं.

सासरे: कोंबडी पाहिली तेव्हाच. वाढ अजून थोडं. आणि सकाळी बाजारात मी जातो, मासा तुम्हाला निवडता येत नाही.