देठाकडून

अमीरबी : रस्सा करायचा तर तुझा टमाटा, सिंधु. आंबट हाय, रस दाट येतो. पण नुसता मीठ लावून खायला माझाच.

सिंधु : तुझा गोड हाय, मान्य. पण झाडाला लागतात किती, आपा? माझ्या एका झाडाला टोपलं भरतं. तू आपली नवसाच्या लेकरावानी एकेक जपत बसतीस.

अमीरबी : कमी लागतात, चव तर हाय. टमाटा राहू दे. ही मिरची खाऊन बघ.

सिंधु : ही आपली फिकी मिरची की. माझ्या परसात काय कमी हायेत?

अमीरबी : ही माझ्या परसातली हाय. खा.

सिंधु : आत्ताच चहा घेतला गं. बरं, दे. हां. फिकीच तर हाय. साल जाड, पाणी भरपूर. लई छान.

अमीरबी : शेंड्याकडून खाल्लीस.

सिंधु : मग?

अमीरबी : इतकी वर्षं आपण या भिंतीपाशी मिरच्या चाखून राहिलो. तू कायम मधूनच तोडतीस, कचकन. आज उंदरावानी शेंडा कुरतडलास. देठाकडून खा.

सिंधु : दाढ दुखती माझी.

अमीरबी : तिखट कळायला दाढ लागत न्हाई. खा.

सिंधु : आई गं. पाणी दे, आपा. तो तांब्या दे आधी.

अमीरबी : हे काल यांनी खाल्लं. बेसन भरून केली होती, नेहमीसारखी. लातूरला तोंडाचं ऑपरेशन झालं, मशीनचा शेक दिला, तवापासून तिखटाचा कण चालत न्हाई त्यांना. तुला ठाऊक हाय. वरण, भात, दूध, सगळं मातीवानी लागतं म्हणतात. ही एक मिरची असली की म्हणायचे, अमीरबी, आज जेवलो बघ. काल पहिला घास घेतला अन् ताटावरून उठले. गाल धरून बसून राहिले किती वेळ. आज सकाळी मी साधा भात वाढला, तर आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. भरोसा गेला गं त्यांचा माझ्या हातावरचा.

सिंधु : अगं बाई. आता कसे हायेत करीमभाई? औंदा ऊन लई पडलं ना. पाणी कमी झालं की फिकी मिरची पण तिखटाला चढती.

अमीरबी : पाणी मी दोन्ही टाइम घालते. अन् उन्हानं चढली तर सगळीच झाडं चढतील. माझी निम्मी बिघडलीत. हे बियाचं काम हाय. हुमनाबादहून निघताना अम्मीनं बी बांधून दिलं तवाच सांगितलं होतं, हिच्या शेजारी तिखट लावू नको, माशा या फुलावरून त्या फुलावर जातात. त्या साली काही कळत न्हाई. पुढच्या साली ते बी पेरलं की जाळ निघतो. म्हणून तर तुला बी दिलं तवा जुबान घेतली होती, भिंतीच्या दोन्ही अंगाला तिखट लावायचं न्हाई.

सिंधु : मग पलीकडच्या गल्लीतून आल्या असतील माशा. त्यांना कोण अडवणार?

शेषेराव : काय भाभी, करीमभाई बरे हायेत न्हवं? अरे, मिरच्या चाखून राहिल्या होय. ती फिकी कसली मिरची, काकडी हाय ती. आमच्या न्हाणीमागची लवंगी घेऊन जा. गेल्या सालापासून लावतो, बाजारातून मिरची आणायचं कामच न्हाई. ओंजळ ओंजळ लागती झाडाला. अन् ठेचा असा होतो, भाकरी मोजायचं सोडून दिलं मी. सिंधे, दे की भाभींना मूठभर. मी येतो स्टँडावर जाऊन.

अमीरबी : न्हाणीमागं. म्हणजे माझ्या भिंतीला लागूनच की.

सिंधु : मी न्हाई लावली, आपा. यांनी आणली रोपं. मी नको म्हणाले होते. नवऱ्यानं लावलेलं झाड मी कसं उपटू?

अमीरबी : उपटू नको. सांगायचं तर होतंस.

सिंधु : सांगणारच होते गं. दरवेळी भिंतीपाशी यायचे, अन् तू करीमभाईंचं दुखणं सांगत असायचीस. माझं तोंडच उघडायचं न्हाई. वाटलं, चार झाडांनी काय होतंय.

अमीरबी : काय होतंय ते तुला ठाऊक नव्हतं?

सिंधु : न्हाई. देवाशपथ न्हाई.

अमीरबी : मग माझी मच्छरदाणी कशाला नेलीस?

सिंधु : कोणती मच्छरदाणी?

अमीरबी : माझ्या लेकीच्या, अलीझाच्या बाळंतपणातली. गेल्या साली तुझी फिकी मिरची फुलावर आली अन् तू नेलीस. किडे बसतात म्हणलीस. मीच दोरी बांधू लागले तुला. किडे तुझ्या टमाट्यावर पण होते, सिंधु. टमाट्यावर न्हाई टाकलीस.

सिंधु : आपा...

अमीरबी : तुझं बी तू झाकून घेतलंस. माझं उघड्यावर बिघडून राहिलं, ते बघत बसलीस. अन् वरून रोज विचारायचीस, यंदा किती लागल्यात गं तुझ्या. वैऱ्यानं केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

सिंधु : चुकलं माझं. लई चुकलं. माझ्याकडचं बी चांगलं हाय अजून. सगळं घेऊन जा. तुझंच हाय ते.

अमीरबी : नेते. माझ्या रागानं त्यांचं तोंड कशाला उपाशी ठेवू. मच्छरदाणी पण काढून दे.

सिंधु : देते. अन् या चार मिरच्या घेऊन जा, आत्ताच तोडल्यात. आज करीमभाईंना भरून घाल. फिक्या हायेत, मी सांगते ना.

अमीरबी : सांगू नको. आधी तू खा. देठाकडून.