आत घेतलेला कोट

—तर ती ओळ मी गाणार नाही, सर. हात वर करा जरा. आडवे नव्हे, वर — आत्ता काय वृंद उभाय तुमच्यासमोर? — हां, असे. चाळीस जणांत एक बाई ओठ मिटून उभी राहते हे तुम्ही हेरलंत, मानलं तुम्हाला. पण कोट अंगावर घालून बघायच्या निमित्तानं दुकानात येऊन मला समजावायचं? समजावा की. टाचण्या माझ्या हातात आहेत.

गाणं छानच बसवलंय, नाही कोण म्हणतं? त्या ग्रीक गोष्टीतला राजा वीस वर्षांनी लढाईवरून घरी येतो, राणी आपली त्याची वाट बघत दिवसा विणतेय, रात्री उसवतेय — आणि त्यात तुम्ही आमच्या ह्यांचं घरी येणं गुंफलंत. हेही लढाईवरूनच आले, सहा वर्षांनी, नुसती हाडं. आल्या आल्या खुंटीवरचा लग्नातला कोट चढवला, तर बरोब्बर अंगाला बसला. झालं. "हिनं न बघता माझं माप ओळखलं" — न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, शेवटी तुम्हाला. आता चाळीस गळे तीच ओळ गाणार, आणि हे पहिल्या रांगेत बसून डोळे पुसणार.

मला सांगा, न बघता कुणी माप ओळखतं का? बत्तीस वर्षं शिवतेय, समोर उभ्या माणसाचं चुकतं. शेवटची दोन वर्षं तर पत्रसुद्धा नव्हतं. मग तो कोट दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला, तो कुणासाठी? — हलू नका, टोचेल. — होता एक. बटणं विकायला यायचा. सडपातळ. हसवायचा हो मला, एवढंच. सासूबाईंच्या ध्यानात आलं. रोज दाराशी बसायच्या लेकाची वाट बघत. म्हणाल्या, "मी आहे दाराशी. तू तुझं बघ, पोरी." तुम्हीच शिकवता ना — लांबलेला सूर तुटू द्यायचा नाही, पण एकेकीनं मधेच श्वास चोरायचा, ऐकणाऱ्याला कळत नाही? वाट बघणंही तसंच असतं. त्यांनी सूर धरला होता, मी श्वास घेतला. लाज कसली त्यात?

गुरुवारी तो बटणवाला कोट न्यायला येणार होता. हे बुधवारी आले. गुरुवारी त्यानं ह्यांच्या अंगावर कोट बघितला, बटणांचा डबा टेबलावर ठेवला, आणि गेला तो गेलाच. तुमच्या कोटाला लावतेय ना, ती त्यातलीच शेवटची.

ह्यांना? नाही सांगितलं. तुम्हीही सांगणार नाही. हे खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच वाटतं, वाटू दे. पण माझ्या तोंडून नाही. बाकी सगळं जीव ओतून गाईन. त्या एका ओळीवर माझा श्वास येतो असं समजा. नसेल पटत तर काढा मला. तो वरचा सूर दुसरं कोण लावतं तेही बघू —

अहो, या, आलात? कुठे काय, सरांचा कोट बघत होते. छे हो, ते कुठले बोलतायत.

सर, हात खाली घेतलेत तरी चालेल आता.