मयताच्या घरची कॉफी

बारा? बारा पास्तिच्चोत्ते आणि वर थर्मास भरून कॉफी — अगं, एवढ्या सकाळी घरी वऱ्हाड उतरलंय की काय? नाही, देते की, न द्यायला काय झालं, आत्ताच भट्टीतून निघालेत, आतल्या कस्टर्डनं जीभ भाजेल असे — पण बारा घेतेसच तर दोन चेरीचे घाल म्हणते मी, लहान मुलं कस्टर्डला नाक मुरडतात. लहान कोणी नाही? सगळी मोठीच माणसं? बरं. तू इथली नव्हेस ना — म्हणजे बोलतेस आमच्यासारखंच, पण शब्द जरा जपून टाकतेस, उत्तरेकडे राहून आलेल्यांचं होतं तसं. तिकडे म्हणे कॉफीबरोबर कोरडं बिस्किट चावतात आणि त्याला न्याहारी म्हणतात, आमची नणंद सांगते, मिलानला दिलीय ना ती, दर वेळी परत जाताना बॅगेत कपडे कमी आणि पास्तिच्चोत्तेच जास्त. हं, रिबीन कोणती बांधू? रविवारी मी सोनेरी बांधते, आज रविवार नाही, पण बारा म्हटल्यावर साधी कशी — नको? रिबीन नको, रंगीत कागदही नको, नुसता पांढरा —

थांब. जरा इकडे वळ. उजेडात ये.

तू तेक्लाची मुलगी. हो ना? फेर्नांदा. अगं, कपाळ आईचं, पण हनुवटी — हनुवटी त्याचीच. आणि मी मेली रिबिनीचं विचारत बसलेय. कधी आलीस? पहाटेच्या गाडीनं, तुरिनहून, रात्रभर बसून — दिसतंच आहे, डोळे सुजलेत. वाईट झालं पोरी. काल संध्याकाळी काळ्या किनारीचा कागद चिकटवला देवळाच्या भिंतीवर, मी दुकान बंद करून निघाले होते, वाचला. वर तुझ्या बापाचं, इप्पात्सिओचं नाव, खाली तेक्लाचं, खाली तुझं, आणि त्याखाली कोणीच नाही. दुसऱ्यांच्या कागदावर भाऊ, मेहुणे, भाचरं, चुलत घराणी, जागा पुरत नाही — हळू बोल हं जरा, माझा नवरा, कोझिमो, आत आहे भट्टीपाशी. त्याला तुझ्या बापाचं नाव काढलेलं चालत नाही. ऐकलं की चालता होतो, जेवताना ऐकलं तर ताट सारून उठतो. पुरुषांचं तसंच असतं, मनात धरून ठेवतात. पण आता मेलेल्या माणसाचं काय धरायचं, मी तरी तसंच म्हणते.

ते पाकीट आत ठेव. ठेव म्हणते ना. मी तुला हे विकू शकत नाही.

कारण विचारतेस? तुला खरंच ठाऊक नाही? म्हणजे आईनं पाठवलेलं नाही तुला. तिला न सांगता आलीस? — ते एक बरं केलंस, तिला कळू देऊ नकोस, ती तिथेच कोसळेल. अगं, मयताच्या घरी चूल पेटत नाही, तीन दिवस नाही, आणि त्या घरचं माणूस बेकरीत येऊन आपल्या पैशानं आपल्यासाठी कॉफी नेत नाही. ते शेजाऱ्यांनी न्यायचं. कुन्सुलु म्हणतात त्याला, तुझ्या कानावरून गेलं असेल. पहिल्या सकाळचा कुन्सुलु म्हणजे कॉफी, दूध आणि पास्तिच्चोत्ते, उजाडता उजाडता दारात पोचले पाहिजेत, रात्रभर प्रेताजवळ बसलेल्यांच्या पोटात काही गेलं पाहिजे ना, दुपारी मग सूप, मग कोणाकडून काय, कोणाकडून काय. तुझी आजी गेली तेव्हा तू जिन्यात बसून तोंडभर साखर लावून खात होतीस, तुला काय वाटलं, ते आईनं केलं होतं? ते आम्ही आणलं होतं. मीच पुढे होते ताट घेऊन. गाडीत घालून नेत नाहीत ते, हातात धरून, रस्त्याच्या मधून, सगळ्यांना दिसेल असं, म्हणजे गल्लीला कळतं, या घरामागे माणसं आहेत. आणि आता तू थर्मास काखेत मारून गल्लीतून जाणार, लोक खिडकीतून बघणार — इप्पात्सिओच्या पोरीला स्वतःचा कुन्सुलु स्वतः विकत घ्यावा लागला. असं आमच्या गावात कधी झालं नाही. खून करून तुरुंगात गेलेल्याच्या घरी सुद्धा नेलं होतं आम्ही.

म्हणजे अजून कोणीच आलं नाही? कोणी म्हणजे कोणीच? दूध सुद्धा नाही? हं.

आता तू म्हणशील, मग तू काय करत होतीस, दुकान तुझं, भट्टी तुझी. बरोबर आहे. पण त्याचीही रीत आहे बाळ, बेकरीवाली आपणहून ताट धाडत नाही. गल्लीतल्या कोणीतरी येऊन म्हणायचं, चेझारिया, अमक्याच्या घरचं ठेव. मग मी ताट काढते, इथे, या कोपऱ्यात, वर पांढरा रुमाल, आणि येणारा जाणारा बघतो, अच्छा, ठेवलंय का, मग माझी साखर धर, माझं दूध धर. ताट दिसल्याशिवाय कोणी हात पुढे करत नाही. लोकांना वाटतं, आगाऊपणा नको. आणि कोणी म्हणायलाच आलं नाही तर मी काय करू? मी पहाटेपासून इथे उभी आहे.

नाही, मला कळतं तुला काय म्हणायचंय. ती ऑलिव्हची झाडं. तू तेव्हा इथे नव्हतीस, तू तुरिनला शिकत होतीस. तुला फोनवर जे कळलं ते तुझ्या बापाच्या तोंडून. त्यानं काय सांगितलं तुला? रोग आला, सरकारनं सांगितलं तोडा, मी नोकर माणूस, तोडायच्या झाडांवर खुणा केल्या, असंच ना? खरंच आहे ते. मी कुठे नाही म्हणते. पण ऑलिव्ह वाळायला लागले तेव्हा आम्ही बुंध्यांना चुना लावत होतो, आमचा पाद्री शेताशेतात फिरून पाणी शिंपडत होता, कोणी म्हणायचं तांब्याचं औषध मारा, कोणी म्हणायचं छाटा नि वाट बघा, आणि तुझा बाप रंगाचा डबा घेऊन यायचा. लाल फुली. या झाडावर फुली, त्या झाडावर फुली. स्वतःच्या वाडीपासून सुरू केलं म्हणतात, असेल, मी बघायला गेले नव्हते. इथे गल्लीत एकाही घराची झाडं सुटली नाहीत. तेव्हापासून वाळीतच टाकल्यासारखं झालं त्याला — म्हणजे कोणी ठरवून नाही, ठरवत कोण बसतंय — तो आला की बोलणं थांबायचं, एवढंच. आधी रोज सकाळी इथे यायचा, हा इथे, या टोकाला, एक घोट कॉफी, पास्तिच्चोत्तो उलटा धरून खायचा, खालची खरपूस बाजू आधी. मग यायचा बंद झाला. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर प्यायचा. ती कॉफी म्हणजे धुतलेल्या कपाचं पाणी असतं, पण तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

कोझिमोचं काय म्हणतेस? नाही, झाडं कोझिमोची नव्हती. माझी. माझ्या बापाची. लग्नात मला दिलेली. कोझिमोला शेतातलं काय कळतं, तो पिठातला माणूस. त्या मधल्या झाडाला आम्ही तिघं भावंडं हात पसरून कवेत घ्यायचो तरी बोटं टेकायची नाहीत, त्याच्या पोकळीत मी पावसात बसलेय, आईनं मारलं की तिथेच पळायची मी. आणि तुझा बाप आला, टोपी काढली त्यानं, हे मला सगळ्यात जास्त लागलं बघ, टोपी काढली, म्हणाला, चेझारिया, तू घरात जा, बघू नकोस. मी गेले नाही. मी त्याच्या समोर उभी राहिले. आणि त्यानं फुली मारली, नीट, घाई न करता, जसा दाराला रंग देतोय. नंतर यंत्र आलं. तो आवाज अजून — जाऊ दे. ठेवली असती तरी गेलीच असती ती, आता कळतं, पलीकडच्यांनी कोर्टात जाऊन राखली होती, ती आज उभ्या उभ्या सरपण झालीत. कळतं सगळं. कळून काय होतं? राग काही कळण्यावर चालत नाही. मला अजून राग आहे. काल कागद वाचला तेव्हा पण मला आधी राग आला, म्हटलं, सुटला, आणि मी घरी जाऊन रडले, ते झाडासाठी की त्याच्यासाठी मला सांगता येणार नाही.

पण हे माझं झालं. गल्लीनं तरी — गल्लीला काय धाड भरली होती? कोणी एक शब्द टाकला असता तर मी ताट मांडलं असतं, माझा राग माझ्यापाशी, धंद्यात मी कधी आणला नाही. कोणी आलंच नाही. ती लेओनार्दा तेवढी डोकावली, पण तिचं काय धरतेस, तिचं वय झालंय, ती कोणासाठीही येते, मांजर मेलं तरी येईल, तिला म्हटलं भट्टी आज उशिरा पेटलीय, अजून काही झालेलं नाही, तर ती दूध घेऊन आली होती, ते तसंच परत —

अशी बघू नकोस.

भट्टी उशिरा पेटलीच होती. जरा. मला वाटलं ती नंतर येईल परत. नाही आली. मग पान्तालेओ खाटकाची बायको दाराशी आली, या कोपऱ्याकडे बघितलं, ताट नाही असं बघितलं, पाव घेतला आणि गेली. तिच्यामागे आणखी दोघी. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी कोणाला जाऊ नका म्हटलं का? एका शब्दानं तरी? प्रत्येकीनं कोपऱ्याकडे बघितलं आणि मी काउंटर पुसत राहिले. एवढंच. तुझी आई तिथे रिकाम्या पोटी बसलीय हे मला काय ठाऊक नव्हतं? मी एवढी दगड नाही. मला वाटत होतं, अजून थोडा वेळ. थोडा वेळ कळू दे त्यांनाही, गेलं की कसं वाटतं ते. मग करीन म्हणत होते. खरंच करणार होते, अकरापर्यंत —

कोण? कोझिमो? तू कधीपासून दारात उभा आहेस?

आणि हा कोट कसला? बाजारात जायचं — नाही, हा तर देवळातला कोट. टाय काळा. अरे, भट्टीवर कोण आहे मग? काय? हे ताट — हे तू कधी भरलंस? पहाटे? म्हणजे पहाटेच वेगळे काढून ठेवले होतेस, आणि मला म्हणालास नाहीस? — हो, विचारलंस. विचारलंस तू, इप्पात्सिओच्या घरचं कोणी सांगून गेलं का म्हणून. नाव घेऊन विचारलंस, खरं आहे. आणि मी नाही म्हणाले. हो, नाही म्हणाले. आता पोरीसमोर काय काढायचंय ते? घरी काढ. तू कधी मला — मला वाटायचं तुलाच चालत नाही त्याचं नाव. मी घेतलं की उठून जायचास तू ताटावरून. काय म्हणालास? — माझं बोलणं ऐकवत नव्हतं म्हणून?

बरं. बरं झालं तर मग.

थांब, रुमाल असा नाही घालायचा, सुरकुतलाय, धुतलेला देते. हा घे. कॉफीत साखर आधीच घालायची असते, घातलीस? फेर्नांदा, थर्मास दे इकडे, ओतते मी. दार तू धर, त्याला दोन्ही हात लागतील. आणि मधून चाला, कडेनं नको. लेओनार्दाच्या दारावरून जा, तिला हाक मार, कोझिमो, दूध घेऊन ये म्हणावं, तिनं तापवून ठेवलंच असेल. तिच्या मागून बाकीच्या येतील, बघ तू, आता ताट दिसलं की येतील.

मी येऊ का? नाही, म्हणजे आत्ता ताटामागून नाही, हा एप्रन काढते, काळा झगा वरच आहे कपाटात, दोन मिनिटांत मागून येते, दारातच उभी राहीन, तेक्लाच्या समोरही नाही यायची — फेर्नांदा? मान का हलवतेस? नाही.

नको. बरोबर आहे, दुकान कोण बघणार. जा तू. तो पुढे गेला बघ, गाठ त्याला, एकटा वाटायला नको रस्त्यात. आणि दार ओढून घे, वारा आत येतोय.