रिकाम्या चौकोनांवरची बटणं

साहेब : मावशी, नकाशावरची बटणं उचला आता. टेबल लागणार आहे.

सासू : हात लावू नका. ज्या चौकोनातून तुमच्या बोटी रिकाम्या आल्या, तिथं बटण. घरात कात्री हरवली तरी मी हेच करते. बघून झालेल्या कोपऱ्यात वाटी पालथी! नाहीतर तुमच्यासारखे हुशार तोच कोपरा चारदा उपसतात.

साहेब : शोध थांबवायचा हुकूम आलाय. एवढ्या गार पाण्यात होडी उलटल्यावर, इतक्या दिवसांनी, आजवरच्या शंभरातला एकही जिवंत सापडलेला नाही.

सासू : त्या शंभरांत माझा धाकटा होता?

साहेब : नव्हता. पण पुष्कळांचं जे झालं, त्यावरूनच सांगता येतं.

सासू : शितावरून भाताची परीक्षा करा, माणसाची नको. माझा एकच हरवलाय, एकदाच. मी आपली बघत जाते, तसं मन बदलत जाते. काल वाटलं, खाडीत असेल. नाही मिळाला. मग बेटामागची आशा वाढली. चार खिसे रिकामे निघाले तर किल्ली पाचव्यात. त्याला शाळा कशाला लागते?

साहेब : तुमचं चूक नाही, मावशी. शोधाची आखणी आम्हीही तशीच करतो.

सासू : ऐकलंस, सूनबाई? साहेब माझ्या शाळेतले निघाले.

सून : बेटामागची बोट कधी येईल, साहेब?

साहेब : आली. मघाशीच.

सून : आणि?

साहेब : रिकामी.

सासू : बघतेस काय? बटण दे.

सून : आई, किल्ली खिशातच आहे, हे तुम्ही आधीच धरून चाललात.

सासू : मग कुठं जाईल?

सून : विहिरीत पडली असली तर? एकेक खिसा रिकामा निघतो, तशी विहिरीची शक्यताही वाढतेच ना?

सासू : जीभ आवर! नवरा आहे तो तुझा.

सून : म्हणून तर इतके दिवस आवरली. रीत तुमचीच आहे, आई.

(सून बटण सासूच्या हातावर ठेवते.)

सासू : साहेब...

साहेब : बोला, मावशी.

सासू : ह्या नकाशात समुद्राचा तळ कुठं दाखवलाय?

साहेब : तो नाही दाखवलेला.

सासू : मग हे बटण मी ठेवू कुठं?